मॅस्टोडॉनवर यायचंय? सर्व्हर निवडताना आधी चालवणारी माणसं बघा

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. मराठीत लिहायची सोय आहे म्हणून ज्या ‘कू’वर मराठी मंडळी उत्साहाने गेली, त्याने जुलै २०२४ मध्ये गाशा गुंडाळला. दर वेळी कंपनीने निर्णय घेतला आणि तिथल्या ओळखी, समूह, रात्र रात्र चाललेल्या चर्चा विखुरल्या. इंटरनेटवर मराठी मजकूर आधीच कमी. त्यामुळे अशी एक जागा गेली की आपलं नुकसान इंग्रजीत लिहिणाऱ्यापेक्षा मोठं असतं.

दादरचा एखादा वाचनगट, पार्ल्यातली हौशी नाटकमंडळी, ठाणे खाडीवर फ्लेमिंगो बघायला जाणारे पक्षिमित्र, डोंबिवलीहून रोज फोर्टला येणारी आणि गाडीत बसून कविता लिहिणारी मुलगी, अशांसाठी हा लेख आहे. तांत्रिक माहिती नसली तरी चालेल. फोन वापरता येतो आणि आपलं लिखाण टिकावं असं वाटतं, एवढं पुरे.

हे नेमकं आहे काय

मॅस्टोडॉन हे ट्विटरसारख्या छोट्या पोस्ट लिहिण्या-वाचण्यासाठी ऑयगेन रोख्को या तरुणाने जर्मनीत लिहून २०१६ मध्ये खुलं केलेलं सॉफ्टवेअर. त्याचा कोड मुक्त आहे, कुणीही तो घेऊन स्वतःचा सर्व्हर, म्हणजे लोकांची खाती आणि पोस्ट सांभाळणारा संगणक, चालवू शकतो. हे सर्व्हर एकमेकांशी ‘ॲक्टिव्हिटीपब’ नावाच्या नियमपद्धतीने बोलतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये ती अधिकृत मानक म्हणून स्वीकारली. ही पद्धत वापरणाऱ्या सगळ्या सर्व्हरांच्या मेळ्याला ‘फेडिव्हर्स’ म्हणतात. त्यात मॅस्टोडॉनखेरीज फोटोंसाठी पिक्सेलफेड, व्हिडिओंसाठी पीअरट्यूब, पुस्तकांच्या नोंदींसाठी बुकवर्म, चर्चांसाठी लेमी अशी निरनिराळी सॉफ्टवेअरं आहेत. मॅस्टोडॉनच्या खात्यावरून पिक्सेलफेडवरच्या छायाचित्रकाराला फॉलो करता येतं, वेगळं खातं लागत नाही.

मुंबईकराने प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक हाउसिंग सोसायटी समजावी. प्रत्येकीचा सेक्रेटरी वेगळा, नियम वेगळे, मेंटेनन्स वेगळा. पण मुलुंडच्या सोसायटीत राहणाऱ्याला गिरगावच्या सोसायटीतल्या मित्राशी बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त एखादी सोसायटी ठरवू शकते, की अमक्या ठिकाणचे लोक फार त्रास देतात, त्यांना आमच्या फाटकातून आत घेणार नाही. सर्व्हरही असंच करतात, आणि सर्व्हर निवडताना हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

भारतात मॅस्टोडॉनचं नाव मोठ्या प्रमाणावर ऐकू आलं ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं, आणि निषेध म्हणून खूप लोक इकडे आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर जगभरातून दुसरी, त्याहून मोठी लाट आली. दोन्ही वेळी आलेल्यांपैकी बरेच जण ‘इथे कुणीच नाही’ म्हणत परतले. माझ्या मते त्यातल्या निम्म्यांना तरी कुणी सुरुवातीच्या चार गोष्टी सांगायला हव्या होत्या.

आधी हेतू ठरवा, मग सर्व्हर

ॲप उतरवलं की पहिल्याच पडद्यावर ‘मॅस्टोडॉन डॉट सोशल’वर खातं उघडण्याचं मोठं बटण दिसतं. हा मॅस्टोडॉन बनवणाऱ्या संस्थेचा स्वतःचा आणि सर्वांत मोठा सर्व्हर. घाई असेल तर तिथे खातं उघडण्यात काहीच गैर नाही, पुढे हलता येतं. पण अर्धा तास हाताशी असेल तर दुसरा सर्व्हर निवडण्याचा पर्याय दाबा आणि थोडं हिंडून बघा. ‘जॉइनमॅस्टोडॉन डॉट ऑर्ग’ या संकेतस्थळावर सर्व्हरांची यादी आहे. विषय, भाषा, प्रदेश आणि प्रवेशाची पद्धत यांनुसार ती गाळता येते.

या यादीत येण्यासाठी सर्व्हरला एक करार मान्य करावा लागतो. वंशद्वेष, स्त्रीद्वेष आणि समलैंगिक व पारलिंगी व्यक्तींविरुद्धच्या द्वेषावर सक्रिय कारवाई करायची. रोज बॅकअप घ्यायचा. अडीअडचणीला सर्व्हर सांभाळू शकेल असा आणखी एक माणूस हवा. आणि बंद करायची वेळ आलीच तर सदस्यांना किमान ३ महिने आधी कळवायचं. या चार अटी मला फार मोलाच्या वाटतात. तुम्हाला कुणी मित्राने यादीबाहेरचा सर्व्हर सुचवला, तरी याच चार गोष्टी त्याच्या चालकाला विचारा.

विषयाचे सर्व्हर पुष्कळ आहेत. गणितवाल्यांचा ‘मॅथस्टोडॉन’ आहे, तिथे सूत्रं नीट दिसतात. चित्रकारांसाठी ‘मॅस्टोडॉन डॉट आर्ट’, सुरक्षा क्षेत्रातल्यांसाठी ‘इन्फोसेक डॉट एक्स्चेंज’, मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांसाठी ‘फॉसटोडॉन’. विषय जुळतो म्हणून लगेच उडी मात्र मारू नका. फॉसटोडॉनवर बराच काळ इंग्रजीतच लिहायचा नियम होता, कारण मॉडरेटरांना जी भाषा कळत नाही तिच्यावर ते लक्ष कसं ठेवणार? कारण रास्त आहे, पण मराठीत लिहू इच्छिणाऱ्याला ती जागा कामाची नव्हती. म्हणून नियमांमध्ये भाषेची अट आहे का, हे पहिलं शोधा.

सर्व्हरचं ‘अबाउट’ पान कसं वाचायचं

कुठल्याही मॅस्टोडॉन सर्व्हरवर खातं न उघडता त्याचं ‘अबाउट’ पान वाचता येतं. पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि ‘अबाउट’ हा शब्द रोमन लिपीत टाकला की ते पान उघडतं. इथे मनापासून वेळ घालवा.

सुरुवातीला चालकाचं नाव आणि संपर्काचा पत्ता दिसतो. त्या नावावर टिचकी मारून त्याच्या गेल्या महिन्याभरातल्या पोस्ट वाचा. माणूस हजर आहे का? सर्व्हर बंद पडला तेव्हा त्याने काय झालं ते सांगितलं का? कुणी तक्रार केली तर तो कशा भाषेत उत्तर देतो? चालक सहा महिने गप्प असेल, तर नियम कितीही सुंदर असोत, मी तिथे जाणार नाही.

मग नियम. ‘सर्वांशी चांगलं वागा’ एवढंच लिहिलेलं असेल तर तो नियम नव्हे, भांडण झालं की त्याचा अर्थ ज्याचा तो लावतो. जातीवरून, धर्मावरून किंवा लिंगावरून हिणवलं तर काय होईल, परवानगीशिवाय कुणाचा फोन नंबर वा पत्ता टाकला तर काय होईल, हे स्पष्ट लिहिलेलं असावं. परदेशी सर्व्हरांच्या नियमांत वंशाचा उल्लेख हमखास असतो, जातीचा क्वचित. आपल्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे. चालकाला थेट लिहून विचारा. जो समजून घेऊन उत्तर देतो त्याच्याकडे जा.

त्याखाली बहुतेक सर्व्हर त्यांनी अडवलेल्या इतर सर्व्हरांची यादी देतात, शेजारी कारणासह. यादी अजिबातच नसेल तर तिथे देखरेख आहे का अशी शंका घ्यावी. यादीत तुमच्या मित्रांचा सर्व्हर असेल तर तिथून त्यांच्याशी बोलता येणार नाही, हे आधीच कळतं. काही सर्व्हरांनी मेटाचं थ्रेड्सही अडवलं आहे, काहींनी नाही. कुणाला ते पटतं, कुणाला नाही, पण निर्णय माहीत असावा.

पैशाची बाजू बघायला लोक संकोचतात. संकोचू नका. सर्व्हरचं भाडं, फोटो-व्हिडिओंची साठवण, डोमेनचं (म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्याचं) नूतनीकरण यांना दर महिन्याला पैसे लागतात, आणि जाहिराती नसल्याने ते सदस्यांच्या वर्गणीतून किंवा चालकाच्या खिशातून येतात. जमाखर्च उघड मांडणारा सर्व्हर मला जास्त भरवशाचा वाटतो.

सर्व्हर बंद पडतात, हेही सरळ सांगायला हवं. ‘मॅस्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी’ हा चांगला चाललेला सर्व्हर २०२२ च्या अखेरीस बंद झाला. मोझिलासारख्या नामांकित संस्थेने स्वतःचा सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये आवरला. ‘क्वीअर डॉट एएफ’ची गोष्ट तर निराळीच. त्या पत्त्याचं शेपूट अफगाणिस्तानचं होतं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या तालिबान प्रशासनाने डोमेनच काढून घेतलं. म्हणून पत्त्याचा शेवटचा तुकडा कुठल्या देशाचा आहे, यावरही नजर टाका.

खातं उघडणं

हा भाग सोपा आहे. नियम मान्य करा, वापरकर्ता-नाव, ईमेल आणि पासवर्ड द्या, ईमेलवर आलेल्या दुव्याने खात्री करा. काही सर्व्हर ‘तुम्हाला इथे का यायचंय’ असं विचारतात आणि माणूस ते वाचून मंजुरी देतो. दोन प्रामाणिक वाक्यं लिहा, एका शब्दाचे अर्ज बहुधा नाकारले जातात.

वापरकर्ता-नावात फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेषा चालतात, आणि ते नंतर बदलता येत नाही. दिसणारं नाव मात्र देवनागरीत ठेवता येतं, ते जरूर ठेवा. तुमचा पूर्ण पत्ता ईमेलसारखा दोन भागांचा असतो, आधी नाव, मग सर्व्हर. कुणाला पत्ता देताना दोन्ही भाग द्या. खातं उघडल्याबरोबर दुहेरी पडताळणी चालू करा.

ॲपसाठी फार विचार नको. मॅस्टोडॉनचं स्वतःचं ॲप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर मोफत आहे. अँड्रॉइडवर टस्की हलकं आणि छान आहे. काही सेटिंग्ज फक्त ब्राउझरमधूनच बदलता येतात, तेवढं लक्षात असू द्या.

टाइमलाइन रिकामी का दिसते

इथेच नवा माणूस निराश होतो, म्हणून हे नीट समजून घ्या. मॅस्टोडॉनवर कुणी यंत्र तुमच्यासाठी पोस्ट निवडत नाही. ‘होम’मध्ये तुम्ही फॉलो केलेल्यांच्याच पोस्ट, वेळेच्या क्रमाने, दिसतात. शून्य लोकांना फॉलो केलं तर पान कोरं.

‘लोकल’ टाइमलाइनवर तुमच्या सर्व्हरवरच्या सगळ्यांच्या जाहीर पोस्ट असतात. ‘फेडरेटेड’वर बाहेरच्याही येतात, पण जगभरातल्या सगळ्या नव्हे. तुमच्या सर्व्हरवरच्या कुणीतरी बाहेरच्या ज्या व्यक्तीला फॉलो केलं आहे, तिच्याच पोस्ट मुख्यतः तुमच्या सर्व्हरपर्यंत पोहोचतात. परिणाम असा, की छोट्या सर्व्हरवर तुम्ही ‘मराठी’ हा हॅशटॅग शोधला तर दोन पोस्ट दिसतील आणि मोठ्या सर्व्हरवर तोच शोधला तर बऱ्याच. पोस्ट अस्तित्वात असतात, तुमच्या सर्व्हरला त्यांची खबर नसते. मराठी माणसाने सुरुवातीला मध्यम किंवा मोठा सर्व्हर घ्यावा असं मी सांगते ते यासाठीच. छोट्या सर्व्हरचा ओलावा वेगळा असतो, पण आपली माणसं आधी सापडायला हवीत.

सापडायची कशी? पहिली ओळखीची पोस्ट लिहा. कोण आहात, मुंबईत कुठे असता, कशाबद्दल लिहिणार, आणि चार-पाच हॅशटॅग. ‘इंट्रोडक्शन’ हा टॅग रोमनमध्ये द्या, तो लोक मुद्दाम बघतात. ‘मराठी’ आणि ‘मुंबई’ हे टॅग देवनागरी व रोमन दोन्ही लिप्यांत द्या, कारण शोधणारा कुठल्या लिपीत शोधेल सांगता येत नाही. टॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही, दोन शब्द अधोरेषेने जोडा.

मग हॅशटॅगच फॉलो करा. २०२२ च्या अखेरीपासून ही सोय आहे. पक्षिनिरीक्षण, नाटक, पावसाळा, सायकल, जे आवडतं त्याचा टॅग फॉलो केला की त्या पोस्ट थेट ‘होम’मध्ये येतात. एखादा माणूस आवडला तर तो कुणाला फॉलो करतो ती यादी उघडा आणि तिथून हात मोकळा ठेवून फॉलो करा.

पोस्ट आवडली की ती बूस्ट करा. नुसतं लाइक केल्याने लिहिणाऱ्याला आनंद होतो, पण पोस्ट पुढे जात नाही. ठाण्याच्या मुलीने खाडीवरच्या पक्ष्यांवर सुंदर लिहिलं आणि तुम्ही बूस्ट केलं, तर ते तुमच्या फॉलोअरांपर्यंत आणि त्यांच्या सर्व्हरांपर्यंत पोहोचतं. मराठीसाठी बूस्ट करणं हे लिहिण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे.

आणि एक. एक्सवरचं (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवरचं) खातं लगेच मोडू नका. पावसात पाणी तुंबलं की महापालिकेच्या आणि लोकल गाड्यांच्या सूचना लोक अजून तिथेच शोधतात.

मराठीत लिहिताना

एका पोस्टला साधारण ५०० अक्षरांची मर्यादा असते, काही सर्व्हर ती वाढवतात. पोस्ट लिहिताना भाषेचा पर्याय ‘मराठी’ निवडा, किंवा सेटिंग्जमध्ये कायमचा ठरवून ठेवा. हे न केल्यास तुमची मराठी पोस्ट इंग्रजी म्हणून नोंदली जाऊ शकते. मग भाषेनुसार पोस्ट गाळणाऱ्याला ती दिसत नाही, भाषांतराचं बटण नीट चालत नाही, आणि ब्राउझरमध्ये स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला ती चुकीच्या आवाजात ऐकू येते. याच कारणासाठी प्रत्येक फोटोला वर्णन लिहा, तेही मराठीत. फेडिव्हर्सवर ही सवय चांगली रुजलेली आहे.

एखादी व्यक्ती इंग्रजी आणि मराठी दोन्हींत लिहीत असेल, तर तिच्या प्रोफाइलवरच्या मेनूतून फक्त मराठी पोस्ट मागवता येतात. ज्यांचा ब्लॉग वर्डप्रेसवर आहे त्यांनी ॲक्टिव्हिटीपबचं प्लगइन बसवावं. ब्लॉगच एक खातं होतो आणि नवा लेख फॉलो करणाऱ्यांपर्यंत आपोआप जातो.

खासगी काय आणि काय नाही

पोस्ट सर्वांना, फक्त फॉलोअरांना, किंवा फक्त उल्लेख केलेल्यांना दाखवता येते. शेवटच्या प्रकाराला लोक खासगी निरोप समजतात, पण तो कूटबद्ध नसतो. तुमच्या आणि समोरच्याच्या सर्व्हरचालकाला तांत्रिकदृष्ट्या तो वाचता येतो. शिवाय त्या निरोपात तिसऱ्या व्यक्तीचा पत्ता लिहिला की तो तिलाही जातो. आधार, बँक, आजारपण, घरातले वाद यांसाठी सिग्नलसारखं ॲप वापरा. पोस्ट पुसली तर पुसण्याचा आदेश इतर सर्व्हरांना जातो, पण प्रत्येकाने तो पाळावाच अशी सक्ती करता येत नाही.

कुणी त्रास दिला तर ब्लॉक करा आणि तक्रार नोंदवा. मराठीतल्या शिवीगाळीची तक्रार करताना टिपणीत तिचा अर्थ इंग्रजीत समजावून सांगा. परदेशी मॉडरेटरला शब्दांमागचा जातीय किंवा बायकांबद्दलचा विखार आपोआप कळणार नाही, आणि तुम्ही तो सांगितल्यावर कारवाई होण्याची शक्यता खूप वाढते. समोरचा दुसऱ्या सर्व्हरवर असेल तर तिथेही तक्रार पाठवण्याचा पर्याय निवडा.

घर बदलायची वेळ आली तर

आधी नव्या सर्व्हरवर खातं उघडा. त्याच्या खाते-सेटिंग्जमध्ये जुन्या पत्त्याची ओळख नोंदवा. मग जुन्या खात्यात जाऊन नवा पत्ता आणि जुन्या खात्याचा पासवर्ड देऊन स्थलांतर सुरू करा. फॉलोअर आपोआप नव्या खात्याकडे वळतात. तुम्ही फॉलो केलेल्यांची, ब्लॉक केलेल्यांची आणि बुकमार्कांची यादी ‘इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट’मधून फाइल म्हणून उतरवून नव्या खात्यात चढवावी लागते. पोस्ट मात्र जुन्याच जागी राहतात. एकदा हललात की पुढचे ३० दिवस पुन्हा हलता येत नाही.

हे सगळं जुना सर्व्हर चालू असतानाच होतं. तो अचानक बंद पडला तर फॉलोअर परत मिळवायचा मार्ग नाही. म्हणून दर महिन्याला या फाइल्स उतरवून ठेवा. पोस्ट आणि फोटोंचा पूर्ण संग्रह दर ७ दिवसांनी मागवता येतो. कविता, नोंदी, संशोधनाची टिपणं असतील तर मूळ प्रत स्वतःकडेच ठेवा.

गटाचा स्वतःचा सर्व्हर

वाचनगट किंवा नाटकमंडळी वर्षभर इथे रमली की ‘आपलाच सर्व्हर काढू’ असा विषय निघतोच. कल्पना मला मनापासून आवडते, मराठी मॉडरेटर असलेला सर्व्हर मराठीची गरज आहे. पण पुढाकार घ्यायच्या आधी तीन गोष्टी कागदावर मांडा. कामासाठी किमान तीन माणसं हवीत, कारण एक गावी गेला आणि दुसरा आजारी पडला तरी रात्री आलेली तक्रार कुणीतरी बघायलाच लागते. वर्षभराचा खर्च हातात असल्याशिवाय सदस्य घेऊ नका. आणि भारतात सर्व्हर चालवणारा २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मध्यस्थ ठरतो, त्याला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव जाहीर करावं लागतं. या बाबतीत एखाद्या वकिलाचा सल्ला घ्या.

तांत्रिक बाजूसाठी मॅस्टोडॉन बसवून आणि सांभाळून देणाऱ्या सेवा मिळतात. दहा-वीस जणांचाच गट असेल तर गोटूसोशल हे हलकं सॉफ्टवेअर छोट्या सर्व्हरवरही चालतं. डोमेन एका व्यक्तीच्या नावावर न घेता गटाच्या सामाईक ईमेलवर घ्या, त्याचा पासवर्ड दोघांकडे असू द्या, आणि नूतनीकरणाची तारीख तिघांच्याही फोनमध्ये आठवणीसह टाकून ठेवा.